बोनसांची बेरीज: कॅरॅक्टर शीटच्या प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या ३.५ आवृत्तीसाठी स्वतः हिशेब करणारी कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राच्या आकड्यांचा तक्ता, स्प्रेडशीटमध्ये बांधण्याचे काम आज हाती घेतले. ही आवृत्ती २००३ साली आली. त्यानंतर २००८ मध्ये चौथी आणि २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती प्रसिद्ध झाली असली, तरी आमचा गट ३.५ सोडायला तयार नाही आणि तसे कारणही नाही. नियमांचा गाभा ओपन गेम लायसन्सखाली खुला आहे, त्यामुळे तो शीटमध्ये वापरता येतो.

गरज साधी आहे. लढाईच्या ऐन मध्यावर क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारे पात्र) एखादा स्पेल, म्हणजे मंत्र, टाकते आणि फायटर (योद्धा) खेळणारा मित्र पेन्सिल उचलून विचारतो, की हे दोन माझ्या एसीमध्ये मिळवायचे की आधीच धरलेले आहेत? एसी म्हणजे आर्मर क्लास, शत्रूच्या हल्ल्याला फाशावर गाठावा लागणारा आकडा. मग पुस्तक उघडले जाते आणि खेळ थांबतो. शीटने हे उत्तर तत्क्षणी द्यावे आणि ते कसे आले हेही दाखवावे, एवढे या प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे.

मूळ नियम दोन वाक्यांत सांगता येतो. वेगवेगळ्या प्रकारचे बोनस एकमेकांत मिळवले जातात, म्हणजे स्टॅक होतात. एकाच प्रकारचे दोन बोनस एकाच गोष्टीला लागू होत असतील, तर त्यांपैकी मोठा तेवढा धरला जातो. डॉज (घाव चुकवण्याचा) बोनस आणि बहुतेक सर्कमस्टन्स (परिस्थितीचा) बोनस याला अपवाद आहेत, आणि ज्या बोनसांना प्रकारच दिलेला नाही ते स्रोत वेगळा असेल तर मिळवले जातात. एकच स्पेल दोनदा टाकल्याने मात्र दुप्पट लाभ कधीच होत नाही.

६ जुलै २०२५

पहिला आराखडा सरळ होता: एका रकान्यात बोनसचा प्रकार, दुसऱ्यात आकडा, आणि प्रत्येक प्रकारातील सर्वांत मोठा आकडा घेऊन त्यांची बेरीज. डिफ्लेक्शन, लक, मोराल, इनसाइट, रेझिस्टन्स या प्रकारांना हा आराखडा पुरतो. एन्हान्समेंट बोनसला तो पुरत नाही, आणि प्रकल्पाचा खरा विषय तिथेच सुरू होतो.

एन्हान्समेंट बोनस थेट एसीला किंवा थेट पात्राला चिकटत नाही. तो एखाद्या वस्तूला, अंगच्या कातडीला किंवा क्षमतेला चिकटतो आणि तिचा स्वतःचा आकडा वाढवतो. फुल प्लेट या चिलखताचा आर्मर बोनस ८ असतो. +१ फुल प्लेटमध्ये, म्हणजे +१ एन्हान्समेंट असलेल्या फुल प्लेटमध्ये, तोच आर्मर बोनस ९ होतो. हेवी स्टील शील्डचा शील्ड बोनस २ असतो. +१ शील्डमध्ये तो ३ होतो. चिलखतावरचा एन्हान्समेंट आणि ढालीवरचा एन्हान्समेंट या दोहोंचे नाव एकच असले, तरी एक आर्मर बोनसला वाढवतो आणि दुसरा शील्ड बोनसला, म्हणून दोन्ही एसीमध्ये येतात. ॲम्युलेट ऑफ नॅचरल आर्मर हे गळ्यातले पदकही एन्हान्समेंटच देते, पण नॅचरल आर्मरला, म्हणजे अंगच्या कातडीच्या संरक्षणाला. तोही वेगळा धरला जातो. ज्याला जन्मतः नॅचरल आर्मर नाही अशा माणसाचे नॅचरल आर्मर +० आहे असे नियम मानतात, आणि त्या शून्यावर ॲम्युलेटचा आकडा चढतो.

म्हणून शीटमध्ये तिसरा रकाना आणला: 'कशावर'. प्रकार आणि 'कशावर' ही जोडी एकच असेल तरच दोन ओळींमधून मोठी निवडायची, नाही तर दोन्ही धरायच्या. माझ्या मते स्टॅकिंगबद्दल टेबलावर होणारे निम्मे वाद हा एक रकाना मनात धरला तर मिटतात, कारण वाद घालणारा बहुधा प्रकाराचे नाव बरोबर सांगत असतो आणि तो बोनस कशावर बसला आहे हे विसरलेला असतो.

१२ जुलै २०२५

चाचणीसाठी गटातलाच फायटर घेतला. लेव्हल (पात्राची पातळी) ९, डेक्स्टेरिटी (चपळता) १२, अंगावर +१ फुल प्लेट, हाती +१ हेवी स्टील शील्ड, बोटात +१ रिंग ऑफ प्रोटेक्शन आणि गळ्यात +१ ॲम्युलेट ऑफ नॅचरल आर्मर. पायाचे १०, चिलखताचे ९, ढालीचे ३, डेक्स्टेरिटीचा १, अंगठीच्या डिफ्लेक्शनचा १ आणि नॅचरल आर्मरचा १, असा एसी २५ येतो.

आता त्याच लेव्हलचे साथीदार त्याच्यावर स्पेल टाकतात असे धरले. क्लेरिकचा मॅजिक व्हेस्टमेंट दर चार लेव्हलमागे +१ देतो, म्हणजे नवव्या लेव्हलला +२. तो चिलखतावर टाकला की आधीचा +१ झाकला जातो आणि एसी २६ होतो. दुसरा मॅजिक व्हेस्टमेंट ढालीवर टाकला की २७. दोन्ही वेळा स्पेल +२ चा असूनही पदरात १ पडतो, कारण +१ साठी नाणी आधीच मोजलेली आहेत. ड्रुइडचा (निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राचा) बार्कस्किन तिसऱ्या लेव्हलला +२ पासून सुरू होऊन दर तीन लेव्हलला एकने वाढतो आणि बाराव्या लेव्हलला +५ वर थांबतो. नवव्या लेव्हलला तो +४ आहे. तोही नॅचरल आर्मरवरचा एन्हान्समेंटच असल्याने ॲम्युलेटचा +१ झाकला जातो आणि एसी ३० होतो. शेवटी क्लेरिकचा शील्ड ऑफ फेथ: डिफ्लेक्शन +२, आणि दर सहा लेव्हलमागे आणखी १, म्हणजे +३. अंगठीचा १ बाजूला पडतो आणि एसी ३२ वर पोहोचतो.

नुसती बेरीज करणाऱ्याने याच ठिकाणी ३६ लिहिले असते. चार आकड्यांचा हा फरक लहान वाटतो, पण वीस बाजूंच्या फाशावर चार म्हणजे पाचवा हिस्सा, आणि तेवढ्याने राक्षसाचे कित्येक घाव फुकट गेले असते.

१३ जुलै २०२५

काल रात्री विझर्ड (जादूगार) खेळणाऱ्या सदस्याने विचारले, की फुल प्लेट घातलेल्या फायटरवर मेज आर्मर टाकण्यात काही अर्थ आहे का. मेज आर्मर +४ आर्मर बोनस देतो. फायटरच्या चिलखताचा आर्मर बोनस सध्या १० आहे. प्रकार एकच, म्हणून १० धरायचे, ४ सोडायचे आणि एसी जागच्या जागी. वरवर पाहता स्पेल वाया गेला.

परंतु निराकार जीवांचे स्पर्शाचे हल्ले चिलखत, ढाल आणि नॅचरल आर्मर या तिन्हींतून आरपार जातात, आणि मेज आर्मर हा फोर्स प्रकारचा (शुद्ध जादुई शक्तीचा) परिणाम असल्याने त्याला मात्र भेदू शकत नाहीत. एखादा रेथ (निराकार पिशाच) समोर आला तर याच फायटरचा एसी पायाचे १०, डेक्स्टेरिटीचा १ आणि डिफ्लेक्शनचे ३, असा अवघा १४ राहतो. मेज आर्मर असेल तर १८. साध्या टच अटॅकसमोर (ज्याला नुसता स्पर्श पुरतो अशा हल्ल्यासमोर) मात्र मेज आर्मर चालत नाही, कारण तिथे आर्मर बोनस कोणताही असो, तो वगळलाच जातो.

यावरून शीटच्या रचनेबाबत एक पक्का निर्णय घेतला. झाकला गेलेला बोनस पुसायचा नाही. प्रत्येक ओळ जशीच्या तशी राहील, 'चालू' किंवा 'बंद' अशी खूण तिच्यापुढे असेल, आणि कोणता मोठा हे प्रत्येक प्रसंगी नव्याने काढले जाईल. साधा एसी, टच एसी, बेसावध असतानाचा एसी आणि निराकार जीवांविरुद्धचा एसी असे चार वेगळे निकाल त्याच ओळींमधून निघतील. याचा आणखी एक लाभ डिस्पेल मॅजिकच्या (चालू स्पेल उडवणाऱ्या स्पेलच्या) वेळी दिसतो. शील्ड ऑफ फेथ उडाला की एसी ३२ वरून २९ वर जात नाही, ३० वर येतो, कारण इतका वेळ दबून राहिलेला अंगठीचा १ वर येतो. कागदावर आकडे खोडत बसणाऱ्यांकडून नेमका हा १ निसटतो.

२० जुलै २०२५

आज हल्ल्याची बाजू बांधली. इथे 'कशावर' या रकान्याला आणखी बारीक करावे लागले. मास्टरवर्क (उत्कृष्ट घडणीची) तलवार हल्ल्याच्या फाशावर +१ एन्हान्समेंट देते, नुकसानीवर काहीच देत नाही. त्याच तलवारीवर मॅजिक वेपन टाकला, तर तो हल्ला आणि नुकसान दोन्हींवर +१ एन्हान्समेंट देतो. हल्ल्यावर मास्टरवर्कचा आणि स्पेलचा बोनस एकमेकांवर पडून १ च राहतो, नुकसानीवर मात्र १ नव्याने मिळतो. प्रत्येक जादुई शस्त्र नियमाने मास्टरवर्कच असते, म्हणून हा हिशेब जादुई तलवारीतही आत दडलेला असतो. तेव्हा हल्ला आणि नुकसान यांच्या ओळी वेगळ्या ठेवल्या.

फायटरची मूळ स्ट्रेंग्थ (ताकद) १६ आहे आणि हातात गाँटलेट्स ऑफ ओगर पॉवर असल्याने ती १८ होते. बुल्स स्ट्रेंग्थ +४ देतो, पण गाँटलेट्सही एन्हान्समेंटच देत असल्यामुळे स्ट्रेंग्थ २२ न होता २० होते. विझर्डने एन्लार्ज पर्सन टाकला तर त्याचे +२ हे साइझ बोनस आहेत. ते मिळतात आणि स्ट्रेंग्थ २२ होते. अर्थात मोठ्या आकारामुळे हल्ल्यावर −१ आणि एसीवर −१ येतो, तोही शीटने न विचारता धरला पाहिजे.

धनुष्यासाठी वेगळी चौकट केली. +१ धनुष्यातून +२ बाण सोडला तर ३.५ मध्ये हल्ला आणि नुकसान दोहोंवर +२ धरायचे. २००० साली आलेल्या मूळ तिसऱ्या आवृत्तीत हे दोन्ही मिळवले जात आणि +३ होत असे, ३.५ ने ती वाट बंद केली. मला हा बदल योग्य वाटतो, कारण मिळवणीच्या नियमात तिरंदाजाला जो फायदा होता तो तलवारबाजाला कोणत्याही खर्चात घेता येत नव्हता. विशेष गुणांचे मात्र तसे नाही: फ्लेमिंग धनुष्यातून शॉक बाण सोडला तर आग आणि वीज दोन्हींचे १डी६ (सहा बाजूंच्या एका फाशाइतके जादा नुकसान) लागतात, कारण ते एन्हान्समेंट बोनस नाहीत.

२ ऑगस्ट २०२५

डॉज बोनसाची चौकट लवकर झाली. डॉज फीटचा (पात्राने निवडलेल्या खास कौशल्याचा) १, हेस्ट स्पेलचा १ आणि बचावात्मक लढण्याचे २ असे ४ सरळ मिळतात. डेक्स्टेरिटी बोनस हिरावला गेला की सगळे एकदम जातात.

३ ऑगस्ट २०२५

फायटरजवळ नवीन तलवारीपुरती नाणी जमली आहेत आणि त्याने शीटलाच विचारायचे ठरवले. हा प्रश्न मला या सगळ्या प्रकल्पात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

शस्त्रावरील एन्हान्समेंटची किंमत बोनसच्या वर्गाला २,००० ने गुणून येते: +१ ला २,०००, +२ ला ८,०००, +३ ला १८,०००, +४ ला ३२,००० आणि +५ ला ५०,०००. चिलखताला हाच हिशेब १,००० ने होतो. विशेष गुणांनाही याच मापात किंमत लावलेली आहे. फ्लेमिंग म्हणजे +१, फ्रॉस्ट म्हणजे +१, आणि कोणताही विशेष गुण घेण्याआधी शस्त्रावर किमान +१ एन्हान्समेंट असावाच लागतो. त्यामुळे +३ लाँगसोर्ड आणि +१ फ्लेमिंग फ्रॉस्ट लाँगसोर्ड या दोहोंची किंमत, तलवारीची १५ आणि मास्टरवर्कची ३०० नाणी धरून, सारखीच १८,३१५ पडते.

वर्गाचा हा हिशेब आणि स्टॅक न होण्याचा नियम एकमेकांसाठी बनले आहेत. +१ च्या दोन वस्तू मिळवता आल्या असत्या, तर +१ अधिक +१ ला ४,००० नाणी लागली असती आणि +२ साठी ८,००० कोणीच मोजले नसते. पुढची पायरी महाग ठेवायची असेल, तर स्वस्त पायऱ्या एकावर एक रचण्याची सोय बंद ठेवावीच लागते. नियम वाचताना तो नुसता आडकाठी वाटतो. किमतीच्या तक्त्याशेजारी ठेवला की त्याचे काम कळते.

परंतु या नियमातूनच एक शहाणी खरेदी निघते. क्लेरिकचा ग्रेटर मॅजिक वेपन दर चार लेव्हलमागे +१ एन्हान्समेंट देतो आणि लेव्हलमागे एक तास टिकतो, म्हणजे नवव्या लेव्हलला सकाळी टाकला की दिवसाच्या बहुतेक लढाया त्यात होतात. आज तो +२ आहे. साध्या +३ तलवारीवर तो टाकून काहीच मिळत नाही. +१ फ्लेमिंग फ्रॉस्ट तलवारीवर टाकला तर एन्हान्समेंट +२ होतो आणि २डी६, म्हणजे सरासरी ७ जादा नुकसान तसेच राहते. बाराव्या लेव्हलला स्पेल +३ होईल. तेव्हा दुसरी तलवार एन्हान्समेंटमध्ये पहिलीच्या बरोबरीला येईल आणि आग व थंडी तिच्याजवळ जास्तीची असेल. स्पेलने जे रोज भरून निघणार आहे त्यासाठी नाणी घालू नयेत आणि स्पेल जे देऊ शकत नाही ते विकत घ्यावे, हा जुन्या खेळाडूंचा सल्ला शीटमध्ये आकड्यांनी दिसला.

उलट बाजूही नोंदवतो. क्लेरिक नसेल किंवा स्पेल डिस्पेल झाला, तर दुसऱ्या तलवारीचा हल्ला पहिलीपेक्षा २ ने कमी पडतो, आणि आगीला व थंडीला दाद न देणारे शत्रू आमच्या मोहिमेत कमी नाहीत. तरीही क्लेरिक ताईंनी रोज एक स्लॉट, म्हणजे एक स्पेल टाकण्याची जागा, यासाठी राखून ठेवायचे कबूल केल्यामुळे माझे मत दुसऱ्या तलवारीच्या बाजूने आहे.

१० ऑगस्ट २०२५

डिफेंडिंग गुणाबद्दल निर्णय हवा होता. डिफेंडिंग तलवार स्वतःचा एन्हान्समेंट बोनस, पूर्ण किंवा थोडा, वाहकाच्या एसीकडे वळवू देते आणि तो इतर सर्वांशी स्टॅक होतो असे नियमात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे 'कशावर' रकान्याच्या आधाराने चालणारे सूत्र इथे लागू करायचे नाही. ही ओळ अप्रकारित समजून सरळ मिळवायची. प्रश्न असा होता, की ग्रेटर मॅजिक वेपनमुळे आलेले +२ एसीकडे वळवता येतील का. नियमाचा मजकूर शस्त्राचा एन्हान्समेंट बोनस एवढेच म्हणतो, तो कुठून आला हे विचारत नाही. म्हणून डीएमने (डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने) होकार दिला, पण वळवणी आपल्या पाळीच्या सुरुवातीला, शस्त्र वापरण्याआधी जाहीर झाली पाहिजे आणि वळवलेला भाग हल्ला व नुकसान दोन्हींतून वजा झाला पाहिजे, हे मजकुराप्रमाणेच ठेवले. शीटमध्ये त्यासाठी एक आकडा भरायचा चौकोन केला. तो भरला की तिन्ही निकाल एकाच वेळी बदलतात.

२३ ऑगस्ट २०२५

गटातले काही जण २००९ साली पायझो कंपनीने काढलेल्या, ३.५ वर आधारलेल्या पाथफाइंडर या खेळाची वेगळी मोहीम खेळतात. त्यांच्यासाठी शीटची दुसरी प्रत केली. सूत्रे तीच राहिली. बदलले ते काही बोनसांचे प्रकार, आणि तेवढ्याने निकाल वेगळे येतात.

बार्डचे (गाण्यातून जादू करणाऱ्या पात्राचे) इन्स्पायर करेज हे याचे चांगले उदाहरण. ३.५ मध्ये ते हल्ल्यावर मोराल बोनस देते आणि ब्लेस हा स्पेलही मोराल बोनसच देतो. आमच्या फायटरचा बेस अटॅक ९, बुल्स स्ट्रेंग्थनंतरच्या स्ट्रेंग्थचे ५, ग्रेटर मॅजिक वेपनचे २ आणि वेपन फोकस या फीटचा १ मिळून १७ होतात. त्यावर ब्लेसचा १ आणि नवव्या लेव्हलच्या बार्डचे २ यांतून २ च घ्यायचे, प्रेयर स्पेलचा लक बोनस १ मिळवायचा, आणि उत्तर +२० येते. पाथफाइंडरमध्ये इन्स्पायर करेजचा हल्ल्यावरील बोनस कॉम्पिटन्स प्रकारचा झाला. तिथे ब्लेसचा १ आणि बार्डचे २ दोन्ही मिळतात आणि त्याच साथीदारांच्या त्याच स्पेलमधून +२१ निघतात. म्हणून 'प्रकार' हा रकाना दोन्ही प्रतींत हाताने न भरता आवृत्तीच्या तक्त्यातून उचलला जाईल अशी व्यवस्था केली.

क्लेरिकच्या स्वतःच्या हल्ल्याला दोन्हीकडे सारखीच मर्यादा आहे: डिव्हाइन फेव्हर आणि प्रेयर दोन्ही लक बोनस देतात, त्यामुळे नवव्या लेव्हलला डिव्हाइन फेव्हरच्या ३ पुढे प्रेयरचा १ लपतो. प्रेयरने शत्रूंवर येणारा −१ मात्र शिल्लक राहतो, तेव्हा तो स्पेल वाया गेला असे म्हणता येत नाही.

तलवारीच्या खरेदीचा सल्ला पाथफाइंडरमध्ये तसाच्या तसा चालत नाही, आणि ही टीप त्या प्रतीत ठळक लिहून ठेवली आहे. तिथे शस्त्राचा स्वतःचा एन्हान्समेंट +३ असेल तर ते चांदी आणि कोल्ड आयर्न यांच्याप्रमाणे डॅमेज रिडक्शन (ठरावीक शस्त्रांखेरीज इतरांचे नुकसान कमी करणारे शत्रूचे संरक्षण) भेदते, +४ ला ॲडमंटाइनप्रमाणे आणि +५ ला अलाइनमेंटचे (चांगल्या-वाईट अशा नैतिक बाजूचे) डॅमेज रिडक्शनही. ग्रेटर मॅजिक वेपनने आलेला बोनस फक्त 'मॅजिक' एवढ्याच अटीचे डॅमेज रिडक्शन भेदतो. त्यामुळे साध्या +३ तलवारीला ३.५ मध्ये नसलेली एक किंमत पाथफाइंडरमध्ये आहे. त्या प्रतीत एन्हान्समेंटच्या ओळींना 'कायमचा' आणि 'स्पेलचा' अशी चौथी खूण जोडली, आणि डॅमेज रिडक्शनचा निकाल केवळ 'कायमचा' या ओळींवरून काढला.

३० ऑगस्ट २०२५

आजच्या सत्रात ३.५ ची प्रत प्रथमच टेबलावर वापरली. फायटरने +१ फ्लेमिंग फ्रॉस्ट लाँगसोर्ड घेतली आहे. लढाईच्या मध्यावर शत्रूच्या जादूगाराने डिस्पेल मॅजिक टाकला आणि शील्ड ऑफ फेथ व बुल्स स्ट्रेंग्थ दोन्ही गेले. दोन खुणा काढल्या; एसी ३० वर आणि स्ट्रेंग्थ १८ वर आली, अंगठी आणि गाँटलेट्स यांच्या ओळी पुन्हा हिरव्या झाल्या, आणि पुढची पाळी लगेच सुरू झाली. आता शीटमध्ये ड्रुइडच्या प्राणी साथीदाराची पाने जोडायची आहेत. लांडग्याला जन्मतः +२ नॅचरल आर्मर असते आणि नवव्या लेव्हलच्या ड्रुइडचा साथीदार म्हणून त्यात ६ ची भर पडते, त्यामुळे बार्कस्किन तिथे शून्यावर न चढता त्या ८ वर चढेल आणि लांडग्याचे नॅचरल आर्मर एकूण १२ होईल.